राजाबाईच्या मनोऱ्याचे हरपलेले सूर

धुळवडीच्या दिवशी आमच्या जालना शहरात हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, हे येथील वाचकांस नव्याने सांगावयास नको. हत्तीवर एक दिवसाचा राजा बसतो, तो दोन्ही हातांनी रेवड्या उधळतो, आणि एरवी दुकानाच्या गादीवरून न हलणारी पोक्त माणसेही त्या रेवड्यांसाठी रस्त्यावर हात पसरून उभी राहतात. या रेवडीने कोणाचे पोट भरत नाही, ती न मिळाल्याने कोणाचे अडत नाही, आणि कोणत्याही शास्त्राने तिची आज्ञा केलेली नाही. तथापि ही मिरवणूक उद्यापासून बंद, असे कोणी जाहीर केले, तर हे शहर गप्प बसेल काय? आमच्या मते बसणार नाही. माणसाप्रमाणे गावालाही लहर असते, आणि त्या लहरीवरूनच एक गाव दुसऱ्यापासून ओळखू येते. कचेऱ्या, बाजार आणि रस्ते सगळीकडे सारखेच असतात. रेवड्या उधळणारा राजा मात्र सगळीकडे नसतो.

आज आम्हांस ज्या लहरीविषयी लिहावयाचे आहे ती आमच्या शहरातील नव्हे, मुंबईतील आहे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधील घंटा एके काळी सोळा निरनिराळ्या धुना वाजवीत, आणि त्या धुना दिवसातून चार वेळा बदलत. आज त्या सोळांपैकी एकच सूर दर पाव तासाला ऐकू येतो. बाकीच्या पंधरांचे मौन कोणास फारसे खुपत नाही. ते खुपावे, आणि त्या धुना पुन्हा सुरू व्हाव्यात, यासाठी हा लेख आहे.

मुंबईच्या मनोऱ्याची काळजी जालनेकरांनी का वाहावी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर कापसात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांची सारी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडली. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ आणि मोगलाई या मुलखांतील काळ्या जमिनीत पिकलेला कापूस मुंबईच्या बंदरात पोचला की त्याचे सोने होई. त्या सोन्याच्या वर्षावात ज्यांची नावे देशभर झाली त्यांत शेठ प्रेमचंद रायचंद हे अग्रगण्य होत. राजाबाईचा मनोरा त्यांच्याच पैशाने उभा राहिला. ऊन-पाऊस खाऊन ज्यांनी बोंडे वेचली आणि बैलगाड्यांतून गाठी वाहिल्या, त्यांची नावे त्या मनोऱ्यावर कोरलेली नाहीत. परंतु त्यांच्या घामाचा अंश त्या दगडांत आणि त्या घंटांच्या धातूत आहे, हे नाकारता येणार नाही. तेव्हा त्या घंटांविषयी दोन शब्द बोलण्याचा हक्क कापसाच्या मुलखास आहे, असे आम्ही समजतो.

मनोऱ्याची हकीगत थोडक्यात अशी. १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात प्रेमचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये देऊ केले. पुढे ऑक्टोबरात त्यांनी आणखी दोन लक्ष रुपये दिले, ते आपल्या मातुश्री राजाबाई यांच्या नावाने मनोरा उभारण्यासाठी. या दुसऱ्या देणगीत त्यांनी जे मागितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे: मनोऱ्यात एक मोठे घड्याळ असावे, आणि त्याबरोबर आनंदाने वाजणाऱ्या घंटांचा एक संचही असावा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरांच्या सट्ट्यात मुंबईची मोठमोठी घराणी बुडाली, आणि खुद्द प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. विद्यापीठास दिलेले दान मात्र शाबूत राहिले. इमारतीचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज शिल्पज्ञाने विलायतेत बसून काढले. तो हिंदुस्थानात कधी आलाही नाही. १ मार्च १८६९ रोजी पाया घातला गेला आणि १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. त्या वेळी मुंबईत त्याहून उंच दुसरी इमारत नव्हती.

राजाबाईंविषयी लोक एक गोष्ट सांगतात. त्या जैन धर्माच्या निष्ठावंत अनुयायी होत्या, सूर्यास्तापूर्वीच भोजन उरकण्याचा त्यांचा नेम होता. परंतु दृष्टी गेल्यामुळे दिवस किती उरला हे त्यांस कळत नसे. सायंकाळची घंटा ऐकून त्यांनी वेळेवर जेवावे, म्हणून मुलाने हा मनोरा बांधला, अशी ती गोष्ट आहे. तिच्यातील अक्षर न् अक्षर खरे आहे की नाही याचा खल करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्यांना घड्याळाचा तबक दिसत नाही त्यांच्यापर्यंतही वेळ कानावाटे पोचावी, ही कल्पना लोकांनी त्या मनोऱ्यास चिकटविली, यावरून लोकांच्या मनात त्याचे स्थान काय होते हे उघड होते. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्याहून अधिक कानांनी ऐकला.

मनोऱ्यात सोळा घंटा आहेत. सर्वांत मोठीचे वजन सुमारे तीन टन आहे. इंग्रजी अमदानीत त्या घंटांवर वाजणाऱ्या सोळा धुनांत इंग्रज राजाचे स्तवन होते, ब्रिटानियाच्या समुद्रावरील सत्तेचा डंका होता, घराची ओढ लावणारे प्रसिद्ध इंग्रजी गीत होते, आणि हॅन्डेल या संगीतकाराची रचनाही होती. अशा घंटायंत्राची रचना गमतीची असते. एका जाड रुळावर ठरावीक अंतरांनी खुंट्या बसविलेल्या असतात. वजनाच्या जोराने रूळ फिरू लागला म्हणजे एकेक खुंटी एकेक तरफ उचलते, तरफेस बांधलेली तार हातोडा ओढते, आणि हातोडा आपल्या घंटेवर पडतो. जत्रेत मुलांच्या हातात दिसणारी वाजती पेटी ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व. फरक इतकाच की येथे पेटी मनोऱ्याएवढी आणि ऐकणारे मूल म्हणजे सारे शहर. खुंट्यांची मांडणी बदलली की धून बदलते. म्हणजे नवी धून बसविणे हे यंत्राच्या स्वभावाविरुद्ध मुळीच नाही. ते त्याच्या स्वभावातच आहे.

या मनोऱ्याची डागडुजी झाली नाही, असे आमचे म्हणणे नाही. ती झाली आणि उत्तम झाली. २०१३ पासून २०१५ पर्यंत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ग्रंथालय आणि मनोरा यांचे दगड, रंगीत काचा व लाकूडकाम यांची शास्त्रशुद्ध दुरुस्ती करण्यात आली. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या न्यासाने तिचा खर्च सोसला. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालचा हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. हे श्रेय ज्यांचे त्यांस द्यावे. त्यात आम्ही कमीपणा करणार नाही. परंतु इतके सर्व होऊनही पंधरा धुनांचे मौन सुटले नाही, ही गोष्ट उरतेच. दात्याने मागितल्या होत्या दोन वस्तू, घड्याळ आणि आनंदाच्या घंटा. घड्याळ आपण सांभाळले. आनंद मात्र हिशेबाबाहेर राहिला.

जुन्या इमारतीची दुरुस्ती म्हणजे काय, हा येथे मूळ प्रश्न आहे. आपल्याकडे असा समज रूढ झाला आहे की, पडलेला चिरा पुन्हा बसविला, गवत उपटले, चुन्याचा गिलावा केला आणि दाराशी पाटी लावली, की इमारत जिवंत झाली. वास्तविक इमारत जे करीत असे ते ती पुन्हा करू लागेपर्यंत तिची दुरुस्ती अर्धीच होय. जात्याला टाकी लावून तो देव्हाऱ्याशेजारी मांडून ठेवला आणि त्यावर कधी दाणा दळला नाही, तर त्यास कोणी जाते म्हणेल काय? नगारखाना दुरुस्त झाला, पण त्यात नगारा नाही. कारंज्याची कमळे घासून लख्ख झाली, पण त्यांतून पाणी उडत नाही. अशा दुरुस्त्या देशात जागोजाग पाहावयास मिळतात. प्रेक्षक येतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. येथे काय होत असे, हे त्यांस कळत नाही आणि कळण्याची सोयही नसते.

इतर देशांतील लोक या बाबतीत काय करतात ते पाहणे उपयुक्त होईल. लंडनच्या पार्लमेंटच्या मनोऱ्याची मोठी दुरुस्ती २०१७ साली सुरू झाली, तेव्हा तेथील जगप्रसिद्ध घंटा कामगारांच्या कानांच्या रक्षणासाठी थांबविण्यात आली. तेवढ्यावरून त्या देशात केवढा गहजब झाला! पाच वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२२ रोजी, ती पुन्हा नियमितपणे वाजू लागली, तेव्हाच लोकांनी काम पुरे झाले असे मानले. पॅरिसचे नोत्र दाम हे देवालय १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत होरपळले. त्याच्या उत्तरेकडील मनोऱ्यातील घंटा ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे देवालय उघडण्याच्या महिनाभर आधी, पुन्हा निनादल्या. म्यूनिकच्या नगरगृहाच्या मनोऱ्यावर ठरावीक वेळी घंटा वाजू लागतात आणि रंगीत बाहुल्या नाचतात; ते पाहण्यासाठी मोठी माणसे मुलांप्रमाणे माना वर करून उभी राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबवर्षावातून उठलेल्या त्या शहराने ही बाहुल्यांची गंमत टाकून दिली नाही. एडिंबरोच्या किल्ल्यावरून १८६१ सालापासून दुपारी एक वाजता तोफ सुटते. खाडीतील जहाजांनी आपली घड्याळे लावावीत हा तिचा मूळ हेतू होता. आज कोणत्याही जहाजास तिची गरज नाही, तरी रविवार व काही ठरावीक दिवस वगळता ती सुटतेच. हे लोक व्यवहारशून्य आहेत, असा आरोप त्यांच्यावर कोणी करणार नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप दारिद्र्याचा. ज्या देशात गावोगाव पाण्याची ओरड आहे आणि शाळांची छपरे गळतात, तेथे घंटांच्या धुनांवर पैसा कशाला, असे कित्येक म्हणतील. मराठवाड्यात राहून पाण्याचा प्रश्न आम्ही हलका मानू, हे संभवत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायाबापड्या आमच्या डोळ्यांसमोर आहेत. परंतु घंटा मुक्या राहिल्या म्हणून त्यांच्या घागरीत एक ओंजळ पाणी अधिक पडले काय? जो पैसा इमारतीच्या दुरुस्तीसाठी म्हणून उभा राहतो, तो पाण्याच्या नळाकडे वळत नाही. तो दगडावर तरी खर्च होतो किंवा दगड आणि सूर या दोहोंवर. वाद आहे तो या दोन मार्गांतील आहे. शिवाय गरिबाला भाकरीच पुरे, आनंदाची त्यास गरज नाही, हे तत्त्व आम्हांस मुळातच मान्य नाही. श्रीमंतास नाटकगृह आहे, वाद्यवृंद आहे, परदेशगमन आहे. रस्त्यावरून फुकट ऐकू येणारी धून ही हमालाची, फेरीवाल्याची, आणि ओव्हल मैदानावर फाटक्या चेंडूने क्रिकेट खेळणाऱ्या पोराची मालमत्ता आहे. तिला तिकीट नाही, आणि म्हणूनच ती आधी परत यावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या धुना परकी सत्तेच्या होत्या. ब्रिटानियाचा डंका स्वतंत्र हिंदुस्थानात पुन्हा वाजवावयाचा काय, असे स्वाभिमानी वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, रिवाज एक आणि त्यातील मजकूर दुसरा. मनोऱ्याने दिवसातून चार वेळा धून बदलावी हा रिवाज. कोणती धून वाजवावी हा मजकूर. पहिला जपावा, दुसरा आपल्या मनाप्रमाणे ठरवावा. मराठ्यांनी हा विवेक फार पूर्वी दाखविलेला आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज देवळांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून आणल्या गेल्या आणि आपल्या देवालयांत टांगल्या गेल्या. त्यांतील १७०७ साली ओतलेली एक घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आजही आहे. भीमाशंकरीही अशी घंटा आहे. गोदावरीकाठी नाशिकास नारोशंकराच्या देवळावरची घंटा तर मराठी भाषेतच जाऊन बसली. मोठ्या आवाजाच्या माणसास आपण नारोशंकराची घंटा म्हणतो, आणि ती मूळची कोणाची हा विचार बोलणाऱ्याच्या मनात येतही नाही. आपल्या पूर्वजांनी त्या घंटा वितळविल्या नाहीत, मुक्याही ठेवल्या नाहीत. आपल्या हाताने वाजविल्या आणि आपल्या केल्या. राजाबाईच्या घंटांचेही तसेच करावे.

मग धुना कोणत्या असाव्यात? येथे थोडा तांत्रिक विचार करणे भाग आहे. घंटेचा स्वर ठरलेला असतो. तो गायकाच्या गळ्याप्रमाणे ओढून दुसऱ्या स्वरास भिडविता येत नाही. म्हणून मींड आणि गमक यांनी नटलेली आमची रागदारी घंटेवर उतरणार नाही, आणि तो हट्ट धरणे वेडेपणाचे होईल. एका घंटेचा ध्वनी विरण्यापूर्वीच दुसरीचा सुरू होतो, त्यामुळे जलद तानाही एकमेकींत मिसळून गोंगाट होईल. घंटांस शोभते ती सावकाश चालणारी, मोकळ्या स्वरांची, चार जणांस सहज गुणगुणता येईल अशी चाल. सुदैवाने आपल्या लोकसंगीताचा खजिना अशा चालींनीच भरलेला आहे. जात्यावरच्या ओवीची चाल, कोळ्यांच्या होडीगीताची चाल, गिरणगावाने ज्यांवर माना डोलविल्या त्या पोवाड्यांची चाल, गुजराती गरब्याची चाल, गोव्याच्या मांडोची चाल, यांपैकी कितीतरी या सोळा घंटांवर बसतील. आमच्या जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांची पाठांतराची चाल कोणत्या मराठी मुलास ठाऊक नाही? ती घंटेवर कशी वाजेल हे ऐकावयास आम्हांस तरी आवडेल.

मनोऱ्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या चोवीस मूर्ती आहेत. त्या घडल्या त्या काळी साहेबांच्या दृष्टीने हिंदी माणूस म्हणजे जातीचा एक नमुना होता. पगडीवरून आणि अंगरख्यावरून त्याची वर्गवारी करावी, इतकेच त्याचे कौतुक. त्या दगडी माणसांना आता वाचा फुटावी, अशी आमची सूचना आहे. अमक्या जातीची अमकी धून, अशी वाटणी मात्र करू नये. ती जुनी चूक नव्याने केल्यासारखे होईल. श्रमाच्या, सणाच्या, पाळण्याच्या आणि प्रवासाच्या धुना निवडाव्यात; त्या सर्वांच्याच आहेत. सोळांपैकी एखादी जुनी इंग्रजी धूनही राहू द्यावी. घराची ओढ ही काही इंग्रजांचीच मिरास नाही. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आणि आमच्या मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसास ती ओढ काय असते हे शिकवावयास नको.

तिसरा आक्षेप गोंगाटाचा आणि निरुपयोगाचा. समोर रहदारी, शेजारी उच्च न्यायालय, आणि प्रत्येकाच्या खिशात वेळ सांगणारा मोबाईल. अशा स्थितीत घंटा हव्यात कशाला? गोंगाटाचे उत्तर सोपे आहे. धुना दिवसातून चारच वेळा, प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटे वाजाव्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही जी शांततेची वेळ ठरविली आहे ती कसोशीने पाळावी, आणि न्यायालयाच्या कामाच्या तासांत आवश्यक ती तडजोड करावी. ज्या शहराने कर्णे, भोंगे आणि कर्कश ध्वनिवर्धक सहन केले, त्यास सोळा घंटांचे वावडे असू नये. निरुपयोगाविषयी म्हणाल, तर मुंबईनेच एक धडा घालून दिलेला आहे. १९०६ सालच्या पहिल्या दिवसापासून देशभर एक प्रमाण वेळ ठरली, तरी मुंबईने तीहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. नगरपालिकेच्या घड्याळांतून ती शतकाच्या मध्यापर्यंत चालूच राहिली. हा हट्ट गैरसोयीचा होता, हे खरे; परंतु आपली वेळ आपण ठरवू, या बाण्याचा तो हट्ट होता. असल्या बाण्याच्या शहराने आपल्या मनोऱ्याचे सूर निमूटपणे जाऊ द्यावेत, याचेच आम्हांस नवल वाटते.

आमच्यासारख्या सुधारणेच्या कैवाऱ्यांनी जुन्या रिवाजाची बाजू घ्यावी, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. म्हणून आमची कसोटी स्पष्टपणे सांगतो. ज्या रिवाजाने कोणाची मान खाली जाते, कोणाच्या बायकामुलांवर बंधने पडतात, मुक्या जनावराचे हाल होतात किंवा गरिबाचे कर्ज वाढते, तो कितीही जुना असला तरी मोडलाच पाहिजे, आणि त्यासाठी आम्ही लेखणी झिजवीतच राहू. परंतु ज्याने कोणाचेच काही बिघडत नाही आणि सर्वांस घटकाभर हसू येते, तो रिवाज मोडू देणे यास सुधारणा म्हणत नाहीत. तो निव्वळ आळस होय. ही कसोटी आपल्या नगारखान्यांस लावून पाहा. देवळांच्या आणि गढ्यांच्या दारांवर प्रहराप्रहरास चौघडा झडे, तो ऐकावयास गोड होता. पण तो वाजविणारी घराणी पिढ्यान् पिढ्या जातीच्या दाव्याने त्या कामास बांधलेली असत. वाद्य त्यांनी वाजवावे, पण मान दुसऱ्यांनी घ्यावा. मोबदला म्हणजे खळ्यावरचे चार पायली धान्य. चौघडा पुन्हा सुरू करावयाचा तर तो या दाव्यासकट नव्हे. वाजविणाऱ्यास रोख पगार, रजा आणि निवृत्तिवेतन असावे. ती विद्या शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही जातीच्या मुलास, आणि मुलीसही, दार मोकळे असावे. राजाबाईच्या घंटायंत्राची निगा राखणाऱ्यांसही हेच लागू आहे. यंत्र जिवंत राहते ते ते जाणणाऱ्या हातांमुळे. असे हात पगारी व सन्मानाने तयार केले नाहीत, तर आज बसविलेल्या धुना दहा वर्षांनी पुन्हा मुक्या होतील.

आता आपल्या घराकडे वळू. जालना शहरात जुन्या वास्तूंची वाण नाही. आसफजाहाच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ साली बांधलेला किल्ला, ज्याच्या मस्तगड नावाच्या बालेकिल्ल्यात पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या थाटल्या. त्यातील सज्जे आणि खोल्या असलेली मोठी विहीर. जमशेदखानाने बांधलेली काळी मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई. त्याच गृहस्थाने बांधलेला मोती तलाव आणि त्यापासून जमिनीखालून शहरास पाणी देणारी नळांची योजना. शिवाय शहराच्या वेशी. या सर्वांच्या दुरुस्तीची चर्चा अधूनमधून होते, आणि २०२३ साली शहरास महानगरपालिका मिळाल्यापासून अपेक्षाही वाढल्या आहेत. ज्या दिवशी ही कामे खरोखर हाती घेतली जातील, त्या दिवशी अंदाजपत्रकात दगड, चुना आणि मजुरी या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा: येथे काय होत असे? वेशीवर कोणते वाद्य वाजे, विहिरीवर कोणता सण होई, सराईत उतरलेल्या वाटसरूस काय मिळे, मुले तेथे कोणता खेळ खेळत? ही माहिती पुस्तकांत मिळणार नाही. ती काद्राबादच्या आणि जुन्या जालन्याच्या घराघरांतील आजीआजोबांपाशी आहे, आणि दरवर्षी त्यांतील काही जण ती बरोबर घेऊन जात आहेत. चिरा शंभर वर्षांनीही बसविता येतो. आठवणीचे तसे नाही.

येथील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी ही माहिती सुटीच्या दिवसांत टिपून ठेवावी, असे आम्ही सुचवितो. त्यास पैसा लागत नाही. वही, पेन्सिल आणि वडीलधाऱ्यांपुढे तासभर बसण्याचा धीर एवढेच पुरे. जमलेल्या आठवणींतून जे निरुपद्रवी, आनंददायक आणि सर्वांस खुले असेल ते त्या त्या वास्तूबरोबर परत आणावे. जे कोणास खाली पाहावयास लावणारे असेल ते इतिहास म्हणून नोंदावे आणि तेथेच ठेवावे.

मुंबई विद्यापीठास आमची विनंती आहे की, त्याने एक लहानशी समिती नेमावी. तीत घड्याळाचे यंत्र जाणणारा एक कारागीर, घंटांच्या धातूचा एक जाणकार आणि विद्यापीठाच्याच संगीत विभागातील एक अध्यापक असावा. सोळा घंटांपैकी प्रत्येकीची आज काय अवस्था आहे, रूळ, तरफा आणि हातोडे यांपैकी काय शाबूत आहे आणि दुरुस्तीस काय खर्च येईल, हे त्या समितीने लोकांपुढे छापून ठेवावे. धुनांची निवड बंद खोलीत न करता लोकांकडून सूचना मागवून करावी. आरंभ एका धुनेने झाला तरी चालेल. पण तो व्हावा. प्रेमचंद रायचंद यांचे वैभव पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले, त्यांच्या सट्ट्याचे आकडे आज कोणास आठवत नाहीत, आणि आईच्या नावाने मागितलेल्या आनंदाच्या घंटा मात्र जागच्या जागी टांगलेल्या आहेत. त्या वाजविण्याचे तेवढे राहिले आहे.

हत्तीवरून उधळलेली रेवडी जमिनीवर पडण्यापूर्वी झेलावी लागते, हे जालन्याच्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबईकरांनी हा धडा आमच्या शहराकडून खुशाल घ्यावा.